आईच्या फोनमधलं देवघर

नाही, नाही, त्या फोनला हात नका लावू — तो विकायला ठेवलेला नाही, चालू कामातला आहे. तुमचा द्या, तुमचा. इकडे ठेवा काउंटरवर — हां. आणि बाहेर तो रिक्षावाला हॉर्न वाजवतोय ना, त्याच्याकडे बघू नका, तुम्ही बघितलंत की तो अजून वाजवतो. अडीचपर्यंत थांबायचं ठरलंय त्याचं, थांबेल. — तर काय म्हणत होतात, पेपरातलं कात्रण वाचून आलात. मालवणहून, एसटीने, एवढ्या उन्हाचे. बरं. गुरुदास म्हणजे मीच, फोटोत जरा गोरा आलोय. तुम्ही शाळेत मास्तर, तुमच्या आईला फोन जमत नाही, आणि तुम्हाला तसाच मेन्यू हवाय — नांदगावच्या बाईंच्या फोनवर आहे तसा, घरातल्या खोल्यांचा. सगळे हेच सांगत येतात. आईला फोन जमत नाही. फोन आईला जमेल असा लावलेला नाही, असं म्हणणारा एक माणूस अजून या दुकानाची पायरी चढलेला नाही.

बघू. — अहो सर. एकशे त्रेचाळीस ॲप आहेत तुमच्यात. एकशे त्रेचाळीस. आणि टॉर्च तीन — तीन कशाला? घरात अंधार तरी किती आहे? दोन होकायंत्रं, तीही मालवणात राहून, जिथे पश्चिम कुठे ते सकाळी दात घासतानासुद्धा दिसतं. लग्नाच्या व्हिडिओला फुलं लावायचं हे एक, आणि हे काय — झोपेत घोरता का ते सांगणारं. बायको नाही सांगत? आणि लावलेत कसे, तर जे ज्या दिवशी उतरवलं ते जिथे पडलं तिथे. टोपली उपडी करावी तसे. वर्गात पोरांना रांगेत उभं करता ना तुम्ही? मग खिशात हा बाजार घेऊन फिरायला काही वाटत नाही? — नाही, राग नका मानू. मी सगळ्यांनाच बोलतो. परवा एक तहसीलमधले साहेब आले होते, त्यांच्या फोनात बँकेचं ॲप खेळांच्या कप्प्यात होतं. त्यांना तर मी बसायलासुद्धा सांगितलं नाही.

हा बघा. हात न लावता बघा. हा लिनक्सवर चालतो — नाही हो, कंपनीचं नाव नव्हे ते. कसं सांगू, तुमचा फोन म्हणजे भाड्याची खोली, खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचं. हा आपला स्वतःचा. तारकर्लीला समुद्रात बुडी मारायला आलेल्या एका बंगलोरवाल्याचा होता, खारं पाणी गेलं आत, माझ्याकडे टाकून गेला. मी उघडला, धुतला, वाळवला, आठ दिवस बसलो त्याच्याशी. आत बघतो तर सगळं साधं लिहिलेलं. प्रत्येक चित्रामागे एक छोटीशी चिठ्ठी — नाव काय, चित्र कुठलं, दाबल्यावर काय चालवायचं, आणि कुठल्या कप्प्यात राहायचं. चारच ओळी. तुम्ही चिठ्ठीत कप्पा बदला, चित्र उठून तिकडे जाऊन बसतं. कुणाची परवानगी नाही. आता ज्याने हा बनवला त्याने कप्पे काय दिले होते माहीत आहे? ऑफिस. ग्राफिक्स. मल्टिमीडिया. सिस्टीम. आणि शेवटी इतर. इतर म्हणजे काय हो? ज्याला विचार करायचा कंटाळा आला त्याने काढलेला कप्पा. आणि नांदगावातली एक्काहत्तर वर्षांची बाई सकाळी आंघोळ करून आरती लावायला बसली, तर तिने ती शोधायची कुठे, तर मल्टिमीडियात. शहाणे लोक.

तेव्हा मी ते सगळे कप्पे पुसले आणि घर बांधलं. पाच खोल्या. खळं — तिथे हवामान, गाड्यांच्या वेळा, टॉर्च, जे बाहेरचं ते. ओटी — बँक, पेपर, पाहुणे येतात तसल्या गोष्टी. चूल — गॅसचा नंबर लावायचं, घड्याळाची घंटा, रेसिपी बघायच्या त्या. देवघर. आणि मागली पडवी. माणूस आयुष्यभर ज्या घरात अंधारातसुद्धा न ठेचकाळता फिरतो, तेच घर त्याच्या हातात. शिकवावं लागलं नाही, सर. एकदा सांगितलं, दुसऱ्या दिवशी ती मला सांगत होती — पंचांग तू ओटीवर ठेवलंस, ता थंय रवाचा न्हय. बरोबर होतं. देवघरात हलवलं. मग सगळं गाव बघायला आलं, कॉलेजची मुलं आली, पेपरवाला आला. कात्रणातल्या विमलाबाई म्हणजे माझीच आई, तेवढं त्यात लिहिलेलं नाही. मीच सांगितलं होतं लिहू नको म्हणून. म्हटलं, आईसाठी केलं म्हटल्यावर लोकांना वाटतं प्रेमाने केलं. मी डोक्याने केलं होतं.

हो, हा तिचाच. म्हणून तर म्हटलं, चालू कामातला. आज ती जातेय — पनवेलला, माझ्या भावाकडे, कायमची. पावणेतीनची गाडी आहे इथल्याच स्टेशनवरून. त्याच्या आत फोन तिच्या हातात द्यायचाय, आणि एकच गोष्ट बाकी आहे त्यात. एक चित्र एका खोलीतून काढून दुसऱ्या खोलीत ठेवायचं. एका चिठ्ठीतली एक ओळ. सकाळी नऊला दुकान उघडल्यापासून तेच करतोय.

बसा की. तुमचं नंतर बघू.

भाऊ म्हणजे सर्वेश. धाकटा. पनवेलला कसल्यातरी पंपांच्या कंपनीत आहे, गळ्यात पट्टा घालून फिरतो. त्याची अक्कल सांगतो तुम्हाला — दोन वर्षांमागे गणपतीला आला तो हा एवढा मोठा फोन घेऊन, तुमच्यासारखाच, सगळं अस्ताव्यस्त. आईला काही सापडेना. मग याने काय केलं? कागदाच्या चिटोऱ्यावर स्वतःचा नंबर लिहिला, हा एवढा मोठा, आणि फोनच्या पाठीवर चिकटपट्टीने चिकटवला. चिकटपट्टीने. म्हणे कधी अडलीस तर कुणालाही दाखव, ते लावून देतील. म्हणजे आईने हातात फोन धरून रस्त्यावर उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विनवायचं. मी तो कागद त्याच्यासमोर खरवडून काढला. रॉकेल लावून. डाग राहिला नाही.

तर मी तिला लावून दिलेल्या या फोनात माणसं ठेवली दोनच. मी आणि तो. आकडे दाबायची पाटी काढूनच टाकली — चुकीचा आकडा दाबायला नको, कुणीतरी बँकेतून बोलतो म्हणून फसवायला नको. दुसऱ्यांचे आले तर उचलायचे, आपण करायचे ते मुलांना. आणि फोन परक्या हातात द्यायचा नाही. हा नियम मी घातला. तिच्या शेजारी डॉमिंगो आहे, त्याला फोन कशाला, कुंपणापाशी जाऊन हाक मारली की येतो. — काय? कोण कुठे ठेवला? मी देवघरात. अहो, हसताय काय, हिशेब साधा आहे. बाई रोज सकाळी न चुकता कुठे जाते, तर देवघरात. मग तिच्या रोजच्या हाताखाली जे हवं ते तिथे. पहिला गणपती, दुसरा रामेश्वर, तिसरा मी. आणि सर्वेश मागल्या पडवीत. मागल्या पडवीत काय असतं आपल्याकडे? लाकडं, नारळाची सोडणं, मोडकी छत्री, आणि वर्षातून एकदा लागणारी वस्तू. कॅल्क्युलेटर, सेटिंग आणि सर्वेश. तो वर्षातून एकदाच येतो, मी काही खोटं लिहिलं नव्हतं.

— येतंय म्हणान सांग रे, डॉमिंगो. पाच मिनटां. — हा बघा, हाच तो. आता आत डोकं घालून सांगायला लागला. काकी उन्हात बसान आसा म्हणे. मग सावलीत लाव की रिक्षा, एवढा डेपो पडलाय समोर.

तर तीन महिन्यांमागची गोष्ट. आमच्या भावकीतला एक चुलत चुलत काका बोरिवलीत गेला. मी त्याला आयुष्यात दोनदा पाहिला असेन, दोन्ही वेळा तो पान खाऊन खळ्यात थुंकत होता. तो मेला आणि नांदगावात आम्हाला दहा दिवसांचं सुतक. मला निरोप आला तेव्हा मी इथे बसून सुरमई खात होतो. ताट पूर्ण केलं. मी नाही मानत असलं. बोरिवलीच्या माणसाच्या मरणाने नांदगावातले देव बाटतात कसे, हे मला कुणी शिकलेल्या माणसाने समजावून सांगावं — तुम्ही सांगा, मास्तर आहात. पण आई मानते. कडक मानते. दहा दिवस देवाला हात नाही, देवघराच्या उंबऱ्याला पाय नाही. दिवा लावायला शेजारची दीपिका यायची सकाळ-संध्याकाळ, दारातूनच आई तिला सांगायची, तेल घाल, वात पुढे सार.

आणि ती रोज रात्री जेवणाच्या वेळेला मला फोन करायची. जेवलंस? एवढंच. जेवलंस, काय जेवलंस, बरां, ठेवतंय. दीड वर्षं, एक दिवस चुकला नव्हता. कधीकधी गिऱ्हाईक असायचं, मी चिडायचो. त्या सुतकात सहा दिवस फोन आला नाही.

सहा दिवस, सर. माझ्या ध्यानात आलं तिसऱ्या दिवशी. मला बरं वाटलं. काय करणार, खरं ते सांगतो — त्याच आठवड्यात ते कात्रण छापून आलं होतं, लोक येत होते, मी खळं-ओटी-चूल करून दाखवत होतो, म्हटलं बरं झालं, जरा शांतता. मी लावला असता तर तिने उचलला असता. आलेला फोन उचलायला देवघरात जावं लागत नाही, तो आपोआप समोर येतो. ते मीच तसं केलं होतं. मी लावला नाही.

सातव्या दिवशी सकाळी न्हाणीत घसरली. खुबा मोडला. फोन कमरेला पिशवीत, पिशवी मीच शिवून घेतली होती तिच्यासाठी. हाका मारल्या तिने, पण डॉमिंगो मागे गवत कापायचं मशीन चालवत होता, त्याला मेल्याला काय ऐकू येणार. पडल्या पडल्या तिने फोन काढला. पाच खोल्या समोर. आणि चौथ्या खोलीत मी.

मला कुणी कळवलं सांगा. सर्वेशने. पनवेलहून. इथून पंधरा किलोमीटरवर माझी आई ओल्या फरशीवर पडलीय हे मला मुंबईच्या बाजूचा माणूस सांगतोय — आई पडलीय, डॉमिंगोला फोन केला मी, तो दार मोडून आत गेलाय, तू निघ. त्याच्याकडे डॉमिंगोचा नंबर होता. मोबाइलच्या दुकानात बसलेला मी, माझ्याकडे नव्हता. तेव्हा माझ्यासमोर चार पोरं उभी होती आणि मी त्यांना सांगत होतो की चांगला मेन्यू म्हणजे ज्यात म्हातारं माणूस डोळे मिटून घर शोधतं.

पाणी हवं? मागे माठ आहे. नको तर नको.

हॉस्पिटलात गेलो आणि तिला ओरडलो. हो, सगळ्यांसमोर. नर्स होती, डॉमिंगो होता, सर्वेश संध्याकाळी पोचला तोही दारात उभा होता. म्हटलं, एवढं शिकवलं तुला, दीड वर्षं रोज लावतेस, आणि वेळ आली तेव्हा त्याला लावलास? मागल्या पडवीत जाऊन? माझं चित्र पहिल्याच ओळीत होतं, हात का नाही गेला? इतकं साधं तुला येत नाही? — आणि ती माझ्याकडे बघत राहिली, सर. रागाने नाही. मी लहानपणी काहीतरी न कळल्यासारखं विचारलं की बघायची तशी. म्हणाली, "सुतकात देवघरात पाय कसो ठेवचो रे? तू आत होतंस."

बस, एवढंच. पुढे कूस बदलायला लागली तर दुखलं तिला.

आता तुम्ही म्हणाल, ते काय खरं देवघर होतं का. चित्र होतं ते. मीही म्हटलं होतं. पण मला सांगा, मीच तर तिला सांगितलं होतं की हे तुझं घर आहे. खोल्या मी दिल्या, उंबरे मी दिले. तिने ते खरं धरलं एवढाच तिचा गुन्हा. दीपिका देवाला दिवा लावत होती, तिला सांगता आलं असतं, गो, ह्या देवघरात जाऊन गुरुदासाक फोन लाव — पण फोन परक्या हातात द्यायचा नाही. हा नियम कोणाचा? आणि त्या सहा रात्री ती जेवायला बसली असेल तेव्हा तो फोन समोर ठेवून — सोडा. ते तिने सांगितलेलं नाही, मी आपला समजतोय.

ऑपरेशन झालं, वॉकर धरून चालते आता चार पावलं. सर्वेश म्हणाला, मी नेतो. मी भांडायला हवं होतं. मी मोठा, मी जवळचा, मी न्यायला हवी होती इथे — वर दोन खोल्या आहेत दुकानावर, जिना आहे म्हणून म्हटलं नाही. जिना आहे हे खरं आहे. पण जिन्यामुळे नाही म्हटलं हे खरं नाही. तीन महिन्यांत मी तिला चारदा भेटलो असेन. तोंड वर करून एकदाही नाही. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला चूक सापडली की बरं वाटतं, सर. मला ही चूक सापडली तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येकाचा फोन उघडतो आणि त्याला झापतो. तुम्हाला झापलं तसं.

काय बघताय बाहेर? — हो. तीच. मागच्या सीटवर, निळं लुगडं, मांडीवर पिशवी. उतरता येत नाही तिला, पायरी उंच आहे माझी. सर्वेश सामान घेऊन पुढे गेलाय स्टेशनवर. ती वीस मिनिटं झाली तिथे बसलीय आणि मी तुम्हाला टॉर्च मोजून दाखवतोय. बघू नका म्हटलं ना.

सकाळी डॉमिंगोने फोन आणून दिला तेव्हा तिचा निरोपही दिला. मला वाटलं म्हणेल, राहू दे तो, सर्वेश नवीन घेऊन देणार आहे. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं, मी रागावून बसलो असतो दिवसभर, काम झालं असतं. पण निरोप काय, तर "त्याका सांग, खंय रवाचा थंय रव, पण देवघरातसून भायर ये." कुठेही राहा, पण तिथून बाहेर ये, एवढंच. फोन तिला हाच हवाय. खोल्या ह्याच हव्यात. पनवेलच्या सातव्या मजल्यावर ती खळं घेऊन जाणार आहे.

तेव्हा सकाळपासून बसलोय. चिठ्ठी उघडायची, कप्पा वाचायचा, मिटायची. ओटीवर ठेवू? ओटीवर पाहुणा असतो. चुलीपाशी ठेवलं तर सोवळ्याच्या दिवशी ती काय करेल — मला माहीत नाही. बघा, एवढा घराचा नकाशा काढणारा मी, माझी आई कुठल्या दिवशी कुठल्या खोलीत जात नाही हे मला माहीत नाही. खळ्यात ठेवू, उघड्यावर? पावसाळ्यात ती खळ्यात — अहो, मी काय बोलतोय. चित्राला कसला पाऊस.

आला. आला परत हॉर्न. किती वाजले? दोन चोवीस.

थांबा, गप्प बसा जरा. — हं. कप्पा. म, मागली. मागली पडवी. सर्वेशाच्या शेजारी. झालं, बसलं. एक ओळ. तुम्ही साक्षीला आहात, एवढ्यासाठी पाच तास लागले. मागल्या पडवीला सुतक नसतं, सर. सोवळं नसतं, एकादशी नसते. माणूस केस मोकळे सोडून, पदर खोचून, रडत, कसाही तिथे जातो. आणि मी ती अडगळ समजत होतो.

चिकटपट्टी द्या ती, तुमच्या कोपराजवळची. आणि पेन. शाळेतले ना, पेन असेलच खिशात. — डॉमिंगोचा, दीपिकाचा, सर्वेशाचा आणि माझा. मोठं लिहायला हवं, तिला चष्मा लागतो. पाठीवर. हो, चिकटपट्टीने, बघताय काय.

सरका. वाटेतून सरका, मला भायर जावचा आसा. तुमचं काम मी आज करणार नाही, उद्याही नाही. तुमचा तो बाजार उचला आणि मालवणला जा. आईसमोर बसा आणि तिला विचारा, ती कधी कुठे पाय ठेवत नाही. सगळं विचारा, न हसता. लिहून आणा. मग बघू.

पेन राहू दे माझ्याकडे. जावा.